भाग पडायच्या अर्ध्या तासावर येणारा मेसेज

लातूर, बीड, परभणीकडच्या कितीतरी लेखिका आता कादंबरी भागाभागानं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर देतात. सुरुवातीचे वीसेक भाग फुकट, पुढचे शंभर-दीडशे रुपये फोनपे करणाऱ्यांना. मध्ये प्रकाशक नाही, कमिशन नाही. भामट्यालाही हेच सोयीचं, कारण आलेला पैसा तपासणारंही दुसरं कोणी नसतं.

भाग रात्री नऊला पडणार असला की मेसेज साडेआठला येतो. "ताई, दीडशे टाकायचे होते, एक शून्य जास्त पडलं, पंधराशे गेले. दवाखान्यासाठी ठेवलेले होते. साडेतेराशे परत टाकता का?" सोबत हिरव्या खुणेचा स्क्रीनशॉट, लगोलग पैसे जमा झाल्याचा एसएमएस. वेळ मुद्दाम निवडलेली असते. तुळजापूरच्या नवरात्रात पाकीटमार ऐन गर्दीतच हात घालतो ना, तसंच. ग्रुपवर "भाग कधी?" चालू असतं, शेवटचा परिच्छेद अडलेला असतो, आणि समोरचा रडकुंडीला आलेला वाचक! बाई पैसे पाठवून मोकळी होते.

तो एसएमएस नीट पाहा. बँकेचा मेसेज तिच्या ठरलेल्या सांकेतिक अक्षरांनी येतो, हा आलेला असतो दहा आकडी मोबाइल नंबरवरून. स्क्रीनशॉट तर कोणीही बनवतं. यूपीआय व्यवहाराला 12 आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो मागायचा, बँकेच्या अ‍ॅपमधल्या स्टेटमेंटशी जुळवायचा, मगच वाचकाला ग्रुपमध्ये घ्यायचं. पैसे खरोखर जास्त आले असतील तरी तो सांगेल त्या नंबरवर परत टाकू नका, त्याला त्याच्या बँकेकडून तक्रार करायला सांगा. ती रक्कम दुसऱ्या कोणाला गंडवून आलेली निघाली तर गोठतं तुमचं खातं. "मानधन पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणणाऱ्याला सरळ ब्लॉक करा. पैसे यायला पिन लागत नाही.

दुसरा भामटा गोड बोलतो. कादंबरी गाजली की "पुस्तक काढू, ऑडिओ करू, वेबसिरीजचंही बोलणं चालू आहे" म्हणत येतो आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), कॉपीराइट, प्रोसेसिंग असं करत पाच-दहा हजार मागतो. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. साहित्यकृतीच्या कॉपीराइट नोंदणीची सरकारी फी 500 रुपये आहे, आणि नोंदणी नसली तरी लिहिलं त्या क्षणापासून हक्क लेखकाचाच.

पैशापेक्षा महाग पडते ती त्याच्या करारातली ओळ: "सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी". कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 19 प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. म्हणून तर 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द तो न विसरता घालतो. छापील, ऑडिओ, चित्रपट, अनुवाद हे हक्क वेगवेगळे लिहून मागा. प्रत्येकापुढे मुदत आणि रॉयल्टी हवीच. "आज रात्री बारापर्यंत सही करा" म्हणाला तर करूच नका.

पैसे गेलेच तर त्याच घटकेला 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा; जितका लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची आशा. संदर्भ क्रमांक, नंबर, चॅट जपून ठेवा, काही डिलीट करू नका. ठाण्यात "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते.