व्हर्टस जीटी की सिटी हायब्रिड: गाडी चालवायची हौस असेल तर

बजेट वीस लाखांच्या अलीकडे-पलीकडे, एसयूव्हीची उंची नको, आणि सुट्टीच्या सकाळी काही काम नसतानाही ताम्हिणीकडे गाडी काढावीशी वाटते. अशा माणसाला पूर्वी सल्ला देणं सोपं होतं. चाकणला बनणारी पोलो जीटी घे म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. २०२२ मध्ये पोलो भारतात बंद झाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, जेमतेम महिन्याच्या अंतराने, दोन सेदान बाजारात आल्या: होंडा सिटी ई:एचईव्ही (म्हणजे सिटी हायब्रिड) आणि फोक्सवॅगन व्हर्टस. व्हर्टस जीटीचं १.५ टीएसआय, म्हणजे दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन स्कोडा स्लाव्हियातही मिळतं, त्यामुळे इथे व्हर्टसबद्दल जे लिहिलंय ते बहुतेक सगळं स्लाव्हियालाही लागू आहे.

हायब्रिड म्हणजे मायलेज मोजणाऱ्यांची आणि टर्बो म्हणजे हौशी लोकांची, अशी वाटणी सर्रास केली जाते. दोन्ही गाड्या चालवल्यावर मला ती पटत नाही. हौशी ड्रायव्हरला मुळात हवं असतं ते पायाला मिळणारं उत्तर. ॲक्सिलरेटर जितका दाबला तितकीच आणि त्याच क्षणी गाडी पुढे जावी, ब्रेकवर पाय ठेवला की नेमकी किती थांबणार ते कळावं, वळणात पुढची चाकं काय करतायत ते हाताला जाणवावं. हे उत्तर कोणती गाडी चांगलं देते, ते ती कोणत्या रस्त्यावर आहे यावर अवलंबून आहे. म्हणूनच आधी आपले रस्ते तपासायचे.

कागदावरचे आकडे

व्हर्टस जीटीत चार सिलिंडरचं १४९८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे. १५० पीएस ताकद आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर), तोही १६०० आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ३५०० पर्यंत सपाट. सात गिअरची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मिळते आणि २०२३ पासून सहा गिअरचा मॅन्युअलही. भार कमी असेल तेव्हा हे इंजिन दोन सिलिंडर बंद करून उरलेल्या दोनवर चालतं.

सिटीचं इंजिनही १४९८ सीसीचंच आहे, पण टर्बोशिवाय आणि ॲटकिन्सन सायकलवर, म्हणजे ताकदीपेक्षा इंधन वाचवायला जुळवलेल्या पद्धतीवर चालणारं. एकट्या इंजिनाची ताकद ९८ पीएस. त्याच्यासोबत दोन इलेक्ट्रिक मोटर. एक मुख्यतः वीज बनवते, दुसरी चाकं फिरवते. चाकं फिरवणारी मोटर १०९ पीएस आणि २५३ न्यूटन-मीटर देते, आणि हा टॉर्क शून्य आरपीएमपासून हजर असतो. सगळं मिळून १२६ पीएस. रस्त्यावरच्या चाचण्यांत शून्य ते शंभरला व्हर्टस साधारण नऊ सेकंद घेते, सिटी दहाच्या आसपास. वजनात दोघी जवळपास सारख्याच, पावणेतेराशे किलोच्या आसपास.

सिटीला 'सीव्हीटी' (ठरलेले गिअर नसलेला ऑटोमॅटिक) म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. हा गैरसमज काढून टाकायला हवा. सिटीच्या हायब्रिडमध्ये पट्टा आणि पुलीवाला सीव्हीटी नाहीच. गिअरबॉक्स म्हणावं असंच काही त्यात नाही. गावात बहुतेक वेळ इंजिन फक्त जनरेटरसारखं चालतं आणि चाकं मोटर फिरवते. हायवेवर एका लयीत जाताना मात्र क्लच बसतो आणि इंजिन एकाच ठरलेल्या गिअर रेशोने चाकांना थेट जोडलं जातं. ही रचना समजली की गाडी कधी खूश करेल आणि कधी वैतागवेल, ते आधीच ओळखता येतं.

गर्दीत

घोडबंदर रोड, हिंजवडीची संध्याकाळ, सिंहगड रोड. इथे सिटी निर्विवाद पुढे आहे, आणि मी हे मायलेज बाजूला ठेवून म्हणतोय. सिग्नल सुटला, शेजारच्या लेनमध्ये जागा दिसली, पाय दाबला की गाडी त्या जागेत पोचलेली असते. मधे गिअर नाही, टर्बो फिरायची वाट बघणं नाही, धक्का नाही. शून्य ते साठच्या पट्ट्यात इतकी तल्लख पेट्रोल गाडी या किमतीत मला दुसरी दिसत नाही. ज्याला गाडीवर बारीक ताबा ठेवायला आवडतो, त्याला हे शहरी वागणं मनापासून आवडेल.

व्हर्टस इथे थोडी अडखळते. १६०० आरपीएमच्या खाली टर्बोचा जोर अजून आलेला नसतो. मॅन्युअलमध्ये दुसऱ्या गिअरवर रेंगाळताना अचानक पिकअप हवा असेल तर पहिला टाकावा लागतो. डीएसजी घेतली तर डाव्या पायाला आराम मिळतो, पण या गिअरबॉक्सचे दोन्ही क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकत राहिलं, विशेषतः फ्लायओव्हरच्या चढावर, की हे क्लच तापतात. त्यामुळे पुढे दोन-तीन मीटर जागा होऊ द्यायची आणि मग एकदम सरकायचं, ही सवय डीएसजीवाल्याने लावून घ्यावी.

घाटात

आता बाजू पालटते, आणि चांगलीच पालटते.

सावंतवाडीहून आंबोली चढताना गाडी जवळपास सहाशे मीटर वर येते. माणसं आणि सामान धरून दीड टन वजन तेवढं उचलायला, घर्षण आणि वारा सोडून, सुमारे अडीच युनिट वीज लागेल. सिटीच्या बॅटरीत एक युनिटही मावत नाही. म्हणजे चढाच्या पहिल्या टप्प्यात मोटर आणि बॅटरी मिळून गाडी झकास ओढतात, आणि बॅटरी खाली आली की सगळा भार ९८ पीएसच्या इंजिनावर येतो. इंजिन वरच्या आरपीएमला जाऊन तिथेच ओरडत राहतं, आवाज वाढतो पण त्या प्रमाणात वेग वाढत नाही. कानाला एक सांगितलं जातं आणि पाठीला दुसरंच जाणवतं. हौशी माणसाला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. गाडी घाटात अडत नाही, ट्रकला ओव्हरटेकही करते, पण चालवणाऱ्याचा आणि इंजिनाचा संवाद तुटतो.

याच रस्त्यावर व्हर्टसचा मॅन्युअल म्हणजे सुख आहे. वळणाआधी ब्रेक, तिसऱ्यातून दुसरा, वळणाच्या मध्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर, आणि २००० च्या पुढे सुई असली की चढ जाणवतच नाही. २०५ रुंदीचे टायर सिटीच्या १८५ पेक्षा रस्ता घट्ट धरतात. स्टिअरिंग वेगाबरोबर जड होत जातं. सिटीचं स्टिअरिंग अचूक आहे, पण हलकं. ओल्या वळणावर टायर किती धरून आहेत ते हाताला नीट कळत नाही. सस्पेन्शनची मूळ रचना दोन्हींत तीच आहे, पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम. फरक स्प्रिंग-डॅम्परच्या जुळवणीत आहे. व्हर्टस खड्ड्यात थोडी कडक लागते आणि ताशी ऐंशीच्या वर सपाट बसते.

उतारावर सिटी सुरुवातीला फार हुशार वाटते. स्टिअरिंगमागच्या पॅडलने रिजन (वेग कमी करताना मोटरने वीज बनवून बॅटरीत भरणं) कमी-जास्त करता येतं, जास्त रिजनचा बी मोड टाकला की पाय उचलताच वेग उतरतो, ब्रेक थंड राहतात. लांब उतार असेल तर मात्र बॅटरी निम्म्या वाटेतच भरते. त्यानंतर वीज साठवायला जागा नसते, म्हणून ती इंजिन फिरवून खर्ची घातली जाते आणि खाली येताना इंजिनाचा आवाज चढतो. गाडी बिघडलेली नसते, पण हे माहीत नसेल तर माणूस दचकतो.

ब्रेकबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. सिटी हायब्रिडला चारही चाकांना डिस्क आहेत. व्हर्टस जीटीला, दीडशे पीएसची गाडी असून, मागे ड्रम आहेत. रोजच्या वापरात काही अडत नाही, पण 'जीटी'चा बिल्ला लावून विकलेल्या गाडीत मला ही काटकसर अजिबात आवडत नाही. ब्रेक पेडलची भावना मात्र व्हर्टसचीच सरस आहे. सिटीत रिजन आणि डिस्क एकमेकांकडे काम सोपवतात त्या क्षणी पेडलखाली किंचित बदल कळतो.

एक्सप्रेसवे आणि बाकीचं

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मर्यादा सपाटीला १०० आणि घाटात ६०. या वेगात दोघी निवांत चालतात. ऐंशीहून शंभरला जायचं तर व्हर्टस गिअर न बदलताही ओढते. सिटीला जोरात पाय दिला की इंजिन थेट जोडणी सोडून पुन्हा जनरेटर बनतं आणि मोटर पुढे येते. वेग मिळतो, फक्त आधी आवाज येतो. सिटीसोबत होंडा सेन्सिंग आहे, म्हणजे पुढच्या गाडीचं अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आणि लेन धरायला मदत. व्हर्टस अशा मदतीशिवाय (एडासशिवाय) आली. मला स्वतःला घाटात लेनची मदत बंदच ठेवायला आवडतं, पण खालापूरच्या टोलनंतर कंटाळवाण्या रांगेत तो क्रूझ कंट्रोल उपयोगी पडतो. सुरक्षेच्या बाबतीत व्हर्टसला २०२३ मध्ये गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने पाच तारे दिले.

डिकी पाहून घ्या. व्हर्टसची ५२१ लिटर, सिटी हायब्रिडची बॅटरीमुळे जेमतेम तीनशे. गणपतीला कुटुंबासह गावी जाणाऱ्यांना हा फरक पहिल्याच वर्षी कळेल.

पैशाचा हिशेब

सिटीचा जाहीर मायलेज २७.१३, व्हर्टसचा १९ च्या आसपास. जाहीर आकडे बाजूला ठेवून मी हिशेब असा धरतो: वर्षाला १२,००० किलोमीटर, पेट्रोल लिटरला १०४ रुपये. चालवणं मुख्यतः शहरात असेल आणि व्हर्टस डीएसजी ११, सिटी २० देत असेल, तर वर्षाला सुमारे ४९० लिटर, म्हणजे ५१ हजार रुपये वाचतात. चालवणं मुख्यतः हायवेवर असेल आणि आकडे १६ विरुद्ध २१ असतील, तर बचत साडेअठरा हजारांवर येते. म्हणजे पैसे वाचवायला हायब्रिड घ्यायची असेल तर ती गर्दीतच वाचवते. दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर करणाऱ्याला तिचं गणित तितकं जमत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटी दरांत दोन्ही गाड्या ४० टक्क्यांच्याच गटात आहेत, त्यामुळे हायब्रिड म्हणून तिथे वेगळा फायदा नाही. बॅटरीची भीती घालणारे भेटतील, पण तिच्यावर आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे.

व्हर्टस घेऊन पुढे रिमॅप करायचा, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्या. तिची डीएसजी मुळात २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेली आहे, आणि कंपनीचं इंजिन आधीच तिथे पोचलंय. रिमॅपने टॉर्क वाढवला तर गिअरबॉक्स आपल्या मर्यादेबाहेर काम करतो, आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं ते वेगळंच. सेकंडहँड व्हर्टस पाहताना ती रिमॅप झालेली नाही ना, हे आधी तपासून घ्या.

कोणी काय घ्यावं

तुमचे बहुतेक किलोमीटर मुंबई-ठाणे-पुण्याच्या गर्दीत जात असतील आणि घाट महिन्यातून एखाद्या वेळेस, तर सिटी हायब्रिड घ्या, आणि तडजोड केली असं मानू नका. रोज जिथे गाडी चालवता तिथे ती जास्त तल्लख आहे. कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्गात राहत असाल, किंवा दर आठवड्याला घाट उतरत-चढत असाल, तर व्हर्टस, आणि तीही मॅन्युअल. गर्दी आणि घाट दोन्ही सारखेच असतील तर मी व्हर्टस डीएसजीपेक्षा मॅन्युअलकडेच झुकेन. गर्दीत डाव्या पायाला होणारा त्रास मान्य करून घाटात मिळणारं सुख मला जास्त मोलाचं वाटतं. घरात दुसरं कोणी रोज गाडी वापरणार असेल तर त्यांनाही विचारा, कारण हा त्रास त्यांच्याही वाट्याला येणार.

बजेट बरंच खाली असेल तर ह्युंदाई आय२० एन लाइन बघा: एक लिटर टर्बो, १२० पीएस, मॅन्युअल मिळते आणि स्टिअरिंग साध्या आय२० पेक्षा घट्ट आहे. मारुतीच्या काही गाड्यांवरचं 'स्मार्ट हायब्रिड' मात्र सिटीच्या जातीचं नाही. त्यातली छोटी मोटर इंजिनाला हात देते, एकटी गाडी ओढत नाही.

हायब्रिडमध्ये तो तुटलेला संवाद जोडायचा प्रयत्न होंडाने सुरू केलाय. २०२५ मध्ये जपानमध्ये परत आलेल्या प्रेल्यूडला 'एस प्लस शिफ्ट' दिलंय, जे गिअर नसतानाही गिअर बदलल्यासारखी इंजिनाची चाल आणि आवाज जुळवतं. सिटीत तसलं काही नाही.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमभोवतीची फेरी मारून परतू नका. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट मागा, ठाण्यात असाल तर घोडबंदरचा गायमुखचा चढ. सिटीत बसल्यावर आधी बॅटरीचा पट्टा बघा. तो भरलेला असेल तर गाडी आपली सगळ्यात चांगली बाजू दाखवेल, म्हणून चढावरून एकदा वर जाऊन पट्टा खाली आणा आणि मग दुसऱ्यांदा चढा. व्हर्टसमध्ये उलट करा: मुद्दाम संध्याकाळी सातची वेळ घ्या आणि अर्धा तास गर्दीत सरकवून बघा.