संदर्भ ‘सेट’ करून देण्याच्या नावाखाली

केळीवरील करपा रोगावरच्या माझ्या प्रबंधाची प्रकरणे मी वर्डमध्ये वेगवेगळ्या फायलींत लिहिली होती आणि त्यांतील संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने घातले होते. ती जोडून विद्यापीठाच्या नमुन्यात बसवून देण्याचे काम जळगावातील एका टायपिंगवाल्याने अंगावर घेतले. “ताई, संदर्भ हातानेच लावावे लागतात, खरी मेहनत तिथेच आहे,” असे सांगून त्याने संदर्भांचे वेगळे पैसे लावले आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतली.

हे सांगणेच खोटे होते. झोटेरोचा प्रत्येक संदर्भ वर्डमध्ये ‘फील्ड’ म्हणून, म्हणजे आपोआप बदलू शकणारा मजकूर म्हणून राहतो व त्या लेखाची माहिती त्याच्या पोटात असते. त्यामुळे प्रकरणे एकाखाली एक घेऊन, प्रत्येकाच्या शेवटची यादी काढून, अखेरीस एकच यादी घातली आणि ‘रिफ्रेश’ केले, की क्रमांक आपोआप सलग लागतात. झोटेरो मुळात मोफत आहे, ही गोष्ट तर वेगळीच.

या गृहस्थाने मात्र सगळी फील्ड तोडून त्यांची साधी अक्षरे केली. वरवर चाळताना काही कळत नाही. मार्गदर्शकांनी तिसऱ्या प्रकरणात एक संदर्भ वाढवायला सांगितला, तेव्हा पुढचा एकही आकडा हलला नाही. शिवाय तिसऱ्या प्रकरणातील [७] आणि चौथ्यातील [७] हे निराळे लेख असताना यादीत सातव्या क्रमांकावर एकच लेख होता. दुरुस्तीसाठी त्याने आकड्यामागे दर सांगितला. संदर्भ जिवंत राहिले तर विद्यार्थी पुन्हा त्याच्या दाराशी कशाला जाईल?

तयार फाइल हाती आली की आकड्यावर क्लिक करावे. फील्ड शाबूत असेल तर कंसासकट सगळा संदर्भ करडा दिसतो. ऑल्ट आणि एफ-९ एकत्र दाबल्यास आकड्यांच्या जागी ‘ॲडिन झोटेरो आयटम’ने सुरू होणारा लांबलचक मजकूर उघडला पाहिजे. उरलेले पैसे देण्यापूर्वी हे त्याच्यासमोरच करावे आणि पीडीएफवर न भागवता वर्डची फाइल मागून घ्यावी, कारण तोडलेली फील्ड जतन झाल्यावर परत जोडता येत नाहीत. मूळ प्रकरणे माझ्या पेनड्राइव्हवर होती म्हणून ती मला स्वतः जोडता आली. आगाऊ रक्कम त्याने परत केलेली नाही. पावती दिली नसली तरी यूपीआयची नोंद आहे, आणि तिच्या आधारे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार केली आहे.