सिग्नलला बंद पडणारी गाडी आणि उद्यमनगरातला बिनपाटीचा मिस्त्री

ज्यांची पेट्रोल गाडी रस्त्याला झकास पळते, पण सिग्नल आला, क्लच-ब्रेक दाबला की गपकन बंद पडते, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. गॅरेज कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, लेथवाल्यांच्या दुकानांमधल्या एका बोळात आहे. पाटी नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही. शेजारचे टर्नरसुद्धा 'मिस्त्रींचं शेड' एवढंच म्हणतात.

मी औषध कंपनीची प्रतिनिधी. गडहिंग्लज, आजरा, चंदगड ही माझी लाईन. गाडी जुनी, हाताच्या गिअरची, लाखाच्या वर किलोमीटर झालेली. तिचं दुखणं असं की सकाळी घरून निघताना काही नाही, हायवेला काही नाही. इंजिन तापलं, एसी चालू असला आणि दाभोळकर कॉर्नरला रेसवरचा पाय काढला, की आरपीएमचा काटा घसरत घसरत शून्यावर. सेल्फ मारला की लगेच चालू. गावात फार तर मागच्याच्या हॉर्नवर भागतं, पण आंबोली घाटात उतारावरच्या वळणावर हेच झालं आणि स्टिअरिंग एकदम जड झालं, तेव्हा घाम फुटला.

आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली होती. त्यांनी स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड एकही आला नाही. तरी आधी प्लग बदलले, मग पेट्रोलचा पंप बदलला आणि शेवटी म्हणाले, "ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असेल." त्या 'असेल'वर वीस हजार घालायची माझी तयारी नव्हती.

मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी प्रश्नच विचारले. थंड असताना पडते का तापल्यावर? एसी बंद केला तर? नुसता क्लच दाबून गाडी सोडली तर पडते, की ब्रेक दाबल्यावरच? चढाला ओढते का? शेवटच्याला मी "चांगली ओढते" म्हटल्यावर हसून म्हणाले, "मग ताई, पंप कशाला बदलला? पेट्रोल कमी पडत असतं तर चढाला आधी मेली असती. ही थांबताना मरती. हवेचं बघूया."

मग शेजारी बसून चक्कर मारायला लावली. परत शेडवर आल्यावर तापल्या इंजिनवर एसी आणि हेडलाईट दोन्ही लावून रेस देऊन सोडली. काटा खाली गेला, थरथरला, बंद. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला जाणारा व्हॅक्यूम पाईप पकडीने चिमटून तेच परत केलं. फरक नाही, म्हणजे दोष बूस्टरचा नाही. मग चालू इंजिनवर नळ्यांच्या सांध्यांवर क्लीनरचा स्प्रे थोडा थोडा मारत गेले. एका जागी इंजिनचा आवाज पटकन बदलला. इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढून घेणारी रबरी नळी मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खालच्या अंगाला चिरली होती, वरून दिसायचीच नाही. (हा स्प्रे पेट घेतो. घरी तापल्या इंजिनवर हौस करू नका.)

पण खरं कारण थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं दार असतं त्या भागात निघालं. ती खोलून त्यांनी माझ्या हातातच दिली. आत तव्याच्या बुडासारखी काजळी. त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत असं: रेसवरचा पाय काढला की हवेचं मोठं दार मिटतं. तेव्हा इंजिन जगतं ते दाराच्या कडेच्या बारीक फटीतून आणि बाजूच्या छोट्या वाटेने येणाऱ्या हवेवर. त्या छोट्या वाटेवर आयडलचा (रेस न देता इंजिन चालू राहण्याचा) व्हॉल्व्ह असतो, कॉम्प्युटर तो लागेल तसा कमी-जास्त उघडतो. गाडी गिअरमध्ये पाय काढून घरंगळत असते तेव्हा पेट्रोल बंद असतं, आरपीएम खाली आले की परत सुरू होतं. नेमक्या त्या क्षणी व्हॉल्व्हने इंजिनला सावरायचं असतं. माझा व्हॉल्व्ह काजळीत रुतला होता, त्यात वर एसीच्या कॉम्प्रेसरचा भार. सकाळी का पडत नव्हती, तेही कळलं. थंड इंजिनला कॉम्प्युटर मुद्दाम जास्त आरपीएमवर ठेवतो, तापलं की साडेसातशे-आठशेवर आणतो. आणि वायरिंग शाबूत असलं तर व्हॉल्व्हची अशी रुतलेली सुई स्कॅनरला दर वेळी कळतेच असं नाही.

क्लीनर, ब्रश, कापड. व्हॉल्व्ह सुटा करून साफ केला, नवीन घातला नाही. नळी बदलली, गॅस्केट बदलली. बॅटरीची तार थोडा वेळ काढून परत जोडली आणि रेडिएटरचा फॅन एकदा फिरेपर्यंत एसी न लावता गाडी नुसती चालू ठेवली, म्हणजे कॉम्प्युटर आयडल नव्याने शिकतो. ही रीत माझ्या गाडीची, प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. ज्यांच्या गाडीत ॲक्सिलरेटरला केबल नसून वायर आहे, त्यांनी ते दार बोटाने ढकलायचं नाही, आतले गिअर जातात, हेही त्यांनी बजावलं.

मजुरी 1000, नळी 250, गॅस्केट 200. एकूण 1450 रुपये. काढलेली नळी पिशवीत घालून दिली. त्यानंतर आजऱ्याच्या बाजारच्या गर्दीत एसी लावून गाडी रांगत नेली, काटा जागचा हलला नाही.

आता तक्रारी. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर आकडे लिहून देतात, कंपनीकडून पैसे परत घ्यायचे असतील तर अडचण. फोन उचलत नाहीत. बसायला एक लोखंडी स्टूल, त्यावर बहुतेक वेळा कुणाचं तरी कार्बुरेटर. बायकांसाठी टॉयलेटची सोय शून्य. मी बाजूच्या हॉटेलात चहा घेऊन ती अडचण सोडवली, पण दिवसभराचं काम असेल तर गाडी सोडून घरी जा. डिझेलला हात लावत नाहीत. ऑटोमॅटिकवाल्यांनाही दुसरीकडे पाठवतात, कारण त्यात थांबताना बंद पडायची कारणं गिअरबॉक्समध्येही असू शकतात. हे स्पष्ट सांगणं मला आवडलं.

पाचपैकी चार. एक टॉयलेटचा कापला.

काम होईपर्यंत तशीच गाडी चालवावी लागली तर त्यांचा सल्ला: एसी बंद ठेवा, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. चालत्या गाडीत इंजिन गेलंच तर ब्रेक पंप करत बसू नका. बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, एकच दाब धरून गाडी कडेला घ्या. किल्ली पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. आणि शेडवर जाताना गाडी तापवूनच न्या. थंड नेलीत तर मिस्त्री तुम्हालाच आधी शहरभर फिरवून आणतील.