आसियानवरचा ऑनलाइन कोर्स केला: मॉक मीटिंगसाठी नक्की घ्या, स्लाइड्स मात्र शिळ्या

मॉक मीटिंग म्हणजे आसियानच्या (आग्नेय आशियातल्या देशांची संघटना) बैठकीची नक्कल, प्रत्येकाला एक सदस्य देश. साऊथ चायना सीवर, म्हणजे चीन आणि काही सदस्य देशांमधल्या समुद्राच्या वादावर, संयुक्त निवेदनाचा एक परिच्छेद लिहायचा होता फक्त, आणि आम्हा दहा जणांना त्याला सव्वादोन तास लागले, तरी तो पूर्ण झाला नाहीच. मला फिलिपिन्स आला होता. मी म्हणत होते "गंभीर चिंता" लिहा, कंबोडियावाला म्हणाला नुसतं "चिंता" ठेवा, व्हिएतनामवाली माझ्या बाजूने, आणि लाओसवाला शेवटपर्यंत गप्प. मतदान घेऊया असं कुणीतरी बोललं तेव्हा सरांनी आसियानच्या चार्टरचं (सनदेचं) कलम 20 उघडून दाखवलं, निर्णय सल्लामसलत आणि एकमताने, बस. मग त्यांनी सांगितलं की जुलै 2012 मध्ये कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला, आसियानच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत अगदी हेच झालं होतं, याच वादात संयुक्त निवेदन निघालंच नाही, 45 वर्षांत पहिल्यांदा. वाचून हे माहीत होतं मला, पण एका शब्दासाठी घसा कोरडा पडेपर्यंत भांडल्यावर ते डोक्यात पक्कं बसलं.

तर सहा आठवड्यांचा हा कोर्स, विषय असा की मोठ्या देशांची ताणाताणी वाढतेय तर आसियान बाहेरच्या देशांशी संबंध कसे जुळवून घेते. कोर्सचं नाव लिहीत नाहीये, तक्रार थेट त्यांनाच कळवलीये.

सगळ्यात आवडला तिसरा आठवडा. बाहेरच्या देशांना जे दर्जे मिळतात, म्हणजे आधी सेक्टोरल पार्टनर (ठरावीक क्षेत्रांपुरता भागीदार), मग डायलॉग पार्टनर (सर्व विषयांवर नियमित चर्चा करणारा भागीदार), त्याच्यावर व्यापक सामरिक भागीदारी, हे मला आधी नुसतं शोभेचं वाटायचं. पण तारखा शेजारी शेजारी मांडल्या की दिसतं, चीन आणि ऑस्ट्रेलियाला हा सर्वात वरचा दर्जा एकाच वर्षी मिळाला, 2021 ला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिका आणि भारताला, तोही जोडीनेच. कुणा एकालाच जवळ केलं असं दिसू द्यायचं नाही. ब्रिटनचंही छान समजावलं, युरोपियन युनियनमध्ये असताना ते आपोआप आत होते, बाहेर पडल्यावर वेगळा अर्ज करावा लागला आणि ऑगस्ट 2021 मध्ये डायलॉग पार्टनर झाले, नवीन डायलॉग पार्टनर घ्यायला आसियानने कितीतरी वर्षं दार बंद ठेवलेलं असताना.

आणि समन्वयक देशाची पद्धत! प्रत्येक डायलॉग पार्टनरसाठी एक सदस्य देश तीन वर्षं जबाबदारी घेतो, मग पाळी बदलते. भारताची आधी सिंगापूरकडे होती, 2024 पासून फिलिपिन्सकडे. ही साधी गोष्ट मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती, आणि बातम्या वाचताना सगळ्यात जास्त उपयोग आता याचाच होतोय.

आरसेप (आसियान आणि शेजारच्या देशांचा मोठा व्यापार करार) वगैरे एका तासात उरकलं, भारत 2019 ला त्याच्या वाटाघाटींतून बाहेर का पडला त्यावर दोनच वाक्यं. चालतं, त्यावर इतरत्र भरपूर मिळतं.

आता खरी नाराजी. विषयच बदलतं जग आणि स्लाइड्स 2022 वर थांबलेल्या. ऑक्टोबर 2025 ला तिमोर-लेस्ते अकरावा सदस्य झाला, पण आमची मॉक मीटिंग दहाच देशांची. एप्रिल 2025 ला अमेरिकेने कंबोडियावर 49 टक्के आणि व्हिएतनामवर 46 टक्के टॅरिफ जाहीर केलं, मग सगळे मिळून बोलायचं की ज्याने त्याने वॉशिंग्टनला जाऊन आपलं आपलं जमवायचं, आत्ताचा सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे आणि त्यावर एक ओळ नाही. त्याच वर्षी मे महिन्यात क्वालालंपूरला आसियान, आखाती देश आणि चीन अशी तिघांची एकत्र शिखर परिषद झाली, नवीन दारं कशी शोधतात याचं इतकं ताजं उदाहरण, तेही नाही. मी फोरमवर विचारलं तर असिस्टंटने जुन्याच वाचनाची लिंक दिली, तेव्हा खरंच वाईट वाटलं, कारण शिकवणारे सर स्वतः हे सगळं तोंडी बोलत होते, म्हणजे माहिती होती, कोर्समध्ये घालायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

पाचपैकी साडेतीन. यूपीएससीवाल्यांनी आणि आंतरराष्ट्रीय राजकारण शिकणाऱ्यांनी घ्यावा, फी भरण्याआधी स्लाइड्स अपडेट केल्यात का तेवढं विचारून. आणि मॉक मीटिंग चुकवू नका, त्याचं रेकॉर्डिंग बघून ती मजा येत नाही, देश वाटताना शक्य झालं तर कंबोडिया मागून घ्या, पुन्हा केला तर मी तोच घेणार आहे, समोरच्या बाजूने "चिंता" एवढंच का हवं असतं ते मला अजून नीट कळायचंय.