चपलेच्या सोलचं चिलखत, आठ महिने वापरल्यावर

माझ्या कॉस्प्लेचं, म्हणजे एखाद्या पात्रासारखा पोशाख करून वावरायच्या छंदाचं, चिलखत सोल शीटचं आहे. चप्पल-सँडलच्या तळाला लागते तीच ईव्हीए नावाच्या फोमची शीट, आमच्या कोल्हापुरात चपलेचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानातून आणलेली. गेल्या पावसाळ्यात रविवार-रविवार करत अडीच महिन्यांत ते उभं राहिलं. त्यानंतर मुंबई कॉमिक कॉन या कॉमिक्स-चाहत्यांच्या मेळ्याचे दोन दिवस, एका कॉलेजचं गॅदरिंग आणि पन्हाळ्यावर फोटो काढायला गेलो ती पूर्ण सकाळ, एवढं ते अंगावर वागवलं. सगळा मिळून खर्च ५,६५० रुपये. त्यातले ११०० वाया गेले. कसे, ते पुढे सांगते.

पात्र माझं मीच रचलेलं. शिरोली एमआयडीसीला कामाला जाताना कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा रोज दिसतो. त्यावरून मनात आलेली एका कल्पित काळातली घोडेस्वार सरदारीण. छाती, खांदे, दंड आणि पोटऱ्यांवर चिलखत, खाली आजीच्या जुन्या इरकल लुगड्याचा काष्टा. लुगडं मधे विरलं होतं, काठ मात्र शाबूत होते. कापडाचा खर्च तिथेच वाचला.

आधी मी ऑनलाइन ‘कॉस्प्ले फोम’ मागवला, ७०० रुपयांना. १० मिमी लिहिलेला माल मोजला तर जेमतेम ७ भरला, आणि बोटाने दाबलं की पडलेला खळगा भरूनच येत नव्हता. तो तुकडा घेऊन मी चप्पल लाईनला एका कारागिरांकडे गेले. त्यांनी तो दोन बोटांत चिमटून पाहिला आणि म्हणाले, “ताई, ह्ये सोलचंच हाय की, त्यातलं बी हलकं. शीट घ्या सरळ, कशाला पैसं घालवताय?” त्यांनी सांगितलेल्या दुकानात १० मिमीची एक आणि ५ मिमीची एक शीट ११५० रुपयांना मिळाली. फक्त एक बघा: सोल शीट फार कडक घेतली तर ती तापवूनही वळत नाही. दुकानातच अंगठ्याने दाबून बघायची. दबली पाहिजे आणि लगेच वर आली पाहिजे. आठ महिन्यांत माझ्या छातीच्या पत्र्यावर एकही खळगा पडलेला नाही. आख्ख्या माणसाचं वजन रोज झेलायला बनवलेली वस्तू ती, चिलखताचं काम तिला हलकंच.

मापासाठी जुना टी-शर्ट घालून बहिणीकडून अंगाभोवती चिकटपट्टी गुंडाळून घेतली, वर पेनाने रेघा मारल्या आणि पाठीवरून कापून काढली. ते तुकडे कागदावर उतरवले की झाला खाका.

कापणं मात्र सोपं नाही. साध्या कटरने कडा फाटल्यासारख्या येत होत्या, कारण फोम पात्याची धार भराभर खातो. त्याच कारागिरांनी मला त्यांची रापी हातात दिली. चामडं कापायचं ते रुंद पातं. “दाबू नगा, वढा,” एवढंच म्हणाले. दोन तुकडे फुकट गेल्यावर हात बसला. छातीच्या मधल्या जोडाला दोन्ही कडा ४५ अंशांत तिरक्या कापायच्या असतात, तरच जोडल्यावर मधे धार उभी राहते. रापीने ती कड अशी आली, की आजही तिथे बोट फिरवलं तर जोड लागत नाही.

चिकटवायला चपलेचंच रबर सोल्युशन. दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून एका टोकापासून हळूहळू दाबत जायचं. त्याचा वास डोक्यात चढतो, आणि कापडी मास्कने ती वाफ अडत नाही. पहिल्या रविवारी खोलीत बसून काम केलं आणि संध्याकाळभर डोकं धरून पडले. दुसऱ्या दिवशी ४५० रुपयांचा कोळशाच्या फिल्टरचा मास्क आणला आणि बिऱ्हाड गच्चीवर हलवलं. पैसे कितीही कमी असले तरी ही वस्तू घ्याच.

हीट गन हजाराची. सगळ्यात जीव रमतो तो इथे. फोमवर गरम हवा फिरवली की आधी काही होत नाही. मग अचानक पृष्ठभागाची मलूल छटा जाऊन त्याला किंचित चकाकी येते. वरची बारीक छिद्रं बंद झाल्याची ती खूण. त्याच वेळी तो ऊन भाकरीसारखा लवचिक होतो. खांद्याचा तुकडा मी पालथ्या कळशीवर दाबून धरला, मनात साठपर्यंत मोजले. हात काढला तर कळशीचा गोलवा जसाच्या तसा. आई स्वयंपाकघरातून बघायला आली आणि दुसऱ्या खांद्याला तिनेच कळशी धरली.

आता चुकलं ते. रंगाखाली अस्तर म्हणून मी पांढऱ्या फेविकॉलचे तीन हात दिले, वर ॲक्रिलिक आणि चंदेरी. ४०० रुपयांत काम झालं म्हणून खूश होते. गॅदरिंगच्या दिवशी दुपारपर्यंत कमरेजवळ रंगाला भेगा पडल्या आणि काखेत घामाने अस्तर मऊ होऊन सोलपटं निघाली. पांढरा फेविकॉल पाण्यात मिसळणारा, तो घामापुढे काय टिकणार? सगळं खरवडून पुन्हा केलं. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात रबर कोटचा स्प्रे मिळतो. त्याचे दोन डबे आणि वर कोरड्या ब्रशने नुसत्या उंचवट्यांवर फिरवलेला चंदेरी, असे ११५० लागले. फोमएवढाच रंगाचा खर्च, पण हा रंग फोमबरोबर वाकतो. कॉनच्या दोन दिवसांत एक ओरखडा आला, तोही लोकलच्या दारात.

पट्ट्यांना आधी ग्लू गनने वेल्क्रो लावला होता, तो पन्हाळ्याच्या उन्हात सुटला. मग चपलेच्या चामड्याच्या वाद्या आणि बकल, २५० रुपये. वाद्या फोमला चिकटवल्या आणि वर चार-चार टाकेही घातले. ओढ सगळी इथे बसते, म्हणून नुसत्या चिकटवण्यावर विसंबू नका.

कॉनला महालक्ष्मी एक्सप्रेसने स्लीपरमधून गेलो, मुक्काम डोंबिवलीला मावशीकडे, सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. छातीचे दोन भाग एकात एक बसतील असे बनवले होते, म्हणून सगळं एका ताडपत्री पिशवीत मावलं. बर्थखाली एक खांदा दबून चपटा झाला. मावशीकडच्या हेअर ड्रायरने वीसेक मिनिटं शेकल्यावर तो पुष्कळसा मूळ आकारात आला. दारावर हत्यारं तपासतात. माझी तलवार फोमचीच, आत पीव्हीसी पाइप, त्यामुळे काही अडलं नाही. आत चिलखतात बसता येत नाही, हे मात्र घरी लक्षातच आलं नव्हतं. पोटऱ्यांची कवचं दर दोन तासांनी बहीण सोडून द्यायची. ती नसती तर पाणी प्यायलाही जड गेलं असतं. एकटं जाऊ नका.

तिथे जे मिळालं त्याची किंमत मला लावता येत नाही. १९३९ साली न्यूयॉर्कच्या पहिल्या वर्ल्डकॉनला, म्हणजे विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या संमेलनाला, मोरोजो या चाहतीने भविष्यकाळातले पोशाख स्वतः तयार केले होते, असं मी वाचलं होतं. त्या दिवशी आजूबाजूला स्वतः शिवलेलं, चिकटवलेलं, रात्री जागून रंगवलेलं काही ना काही घातलेली माणसंच माणसं होती. एकीने माझ्या जोडावर बोट फिरवायची आधी परवानगी मागितली, मग विचारलं, “फोम कुठला?” मी म्हणाले, “चपलेचा, कोल्हापूरचा.” तिने तिथेच पिशवीतून वही काढून रापीचं चित्र काढून घेतलं.

जूनच्या पहिल्या पावसात वाद्यांवर पांढरी बुरशी आली. पुसून, उन्हाची तिरीप बघून वाळवल्या, तेलाचा हात दिला. फोमला काहीच झालेलं नाही. उजव्या खांद्याची वादी बकलच्या भोकापाशी ताणली आहे, ती या रविवारी बदलायची. उरलेल्या १० मिमीत एक ढाल बसते का, तेही तेव्हाच मोजून बघणार आहे.