दिवाळी अंक योजनेचे पाच महिने आणि एक मोरपंखी साडी

वाचनालयाने माझ्या अनामतीतून वीस रुपये कापले आहेत. त्यांतील दहा मला मान्य आहेत, उरलेले दहा नाहीत. पण त्याविषयी पुढे.

आमच्या भागातील वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेची मी यंदा प्रथमच सभासद झाले. अंकांच्या हल्लीच्या किमती पाहता दोन-तीन अंकांतच वर्गणी वसूल होते आणि मी मार्चअखेरपर्यंत ३१ अंक वाचले, त्यामुळे पैशांबाबत तक्रार नाही. तक्रार आहे ती विनोदी कथांबद्दल, आणि त्यातही एका साडीबद्दल.

त्या कथेतील नायक कार्यालयीन कामाचे निमित्त सांगून सहकारिणीबरोबर महाबळेश्वरला जाऊन येतो, मित्र त्याला सांभाळून घेतो, आणि तिच्यासाठी घेतलेली मोरपंखी साडी नेमकी बायकोच्या हाती लागल्यावर तो ती पाडव्याची ओवाळणी म्हणून खपवतो. बायको हरखून जाते, कथा संपते. वाचताना मीही हसले. मात्र त्या साडीला फॉल-पिको आधीच झालेले होते, असे लेखक जाता जाता लिहून गेला आहे, आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ओवाळणीच्या साडीला फॉल-पिको करून आणणारा नवरा मी छत्तीस वर्षांच्या संसारात पाहिलेला नाही. मग तबक हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईला काहीच कळले नसेल?

मुलीच्या मते मी सोवळी झाले आहे. तसे असेल म्हणून मी स्वतःला तपासून पाहिले. ‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकातील खिडकीचित्रे, बाहेरून चावट वाटणारी आणि खिडकी उघडल्यावर वाचकाच्याच मनातील पाप उघडे पाडणारी, मी सासूबाईंच्या शेजारी बसून पाहिली आहेत. चावटपणाचे मला वावडे नाही.

त्यानंतर मी वहीत नोंद ठेवू लागले. नवऱ्याच्या भानगडीवर बेतलेल्या अकरा विनोदी कथा निघाल्या. त्यांतील आठांत बायकोला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. बायकोचे प्रकरण एकाच कथेत होते, ती कथा गंभीर होती आणि शेवटी ती बाई मरते. भारतीय दंडविधानाच्या कलम ४९७ चाही हिशेब काहीसा असाच होता: विवाहित पुरुषाचे अविवाहित स्त्रीशी किंवा विधवेशी संबंध असले तर गुन्हा होत नसे, परस्त्रीशी असले तर तिच्या नवऱ्याची संमती होती की नाही हे पाहिले जाई, आणि फसवल्या गेलेल्या बायकोला तक्रारीचा अधिकारच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते कलम रद्द केले. विनोदी विभागात ते अजून लागू असावे.

फेब्रुवारीत मात्र माझे मत थोडे बदलले. एका लहानशा अंकातील कथेत नवऱ्याचे प्रकरण कळलेली बाई फराळाचे डबे भरता भरता त्याच्या वाट्याचा डबा, त्याच्या मधुमेहाच्या गोळ्यांसह, ‘तिच्या’ पत्त्यावर पाठवून देते. मी इतकी हसले की चहा उतू गेला. विषय तोच, सणही तोच. पण इथे बायकोला डोळे होते. तेव्हा बाहेरख्यालीपणा हलक्याफुलक्या कथेत येऊच नये, हे माझे जानेवारीतले मत मी मागे घेते. साडीबद्दलचे घेत नाही.

मोरपंखी साडीचा अंक परत करण्यापूर्वी त्या वाक्याशेजारी मी पेन्सिलीने ‘तिला कळले होते’ असे लिहिले. परवा अनामत घ्यायला गेले, तेव्हा ग्रंथपालांनी ते पान उघडून पुढे केले आणि ओळीमागे दहा रुपये दंड सांगितला. माझ्या ओळीखाली निळ्या शाईत, परक्या अक्षरात आणखी एक ओळ होती: ‘ब्लाउजपीसही नव्हते.’ पेन्सिल माझी, शाई माझी नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितले. पुढच्या वर्षाची वर्गणी भरताना ते दहा रुपये वजा करूनच देणार आहे.