26 जुलै विचारली, 29 ऑगस्ट विसरलो

मुंबईची जुनी गाडी घ्यायची म्हटली की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला: "26 जुलैची तर नाही ना?" 2005 च्या त्या पावसात बुडालेल्या गाड्या पुसूनपासून, पॉलिश मारून घाटावर खपवल्या गेल्या, हे सगळ्यांना ठाऊक. मीही विचारलं. विकणारा हसला आणि त्यानं आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, पुढं केली. नोंदणी नोव्हेंबर 2005. "पुराच्या वेळी ही जन्मालाही आली नव्हती, साहेब." माझी शंका तिथंच मिटली.

गाडी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, पिवळीधमक. ती 2004 ला भारतात आली तेव्हा मी कॉलेजात होतो. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, 150 हॉर्सपॉवर. बाहेरून बघाल तर घरगुती गाडी, लग्नाचं सामान मावेल एवढी डिकी. पाय दाबला की मात्र पाठ सीटला चिकटते. हायवेवर एकदा अशी एक शेजारून गेली होती, तेव्हापासून डोक्यात बसली. 2018 च्या मार्चमध्ये माझ्याकडं सव्वातीन लाख होते. पावणेतीन गाडीला, पन्नास हजार दुरुस्तीला, असा हिशेब. तेवढ्यात नवी घ्यायची तर साधी हॅचबॅक आली असती. बायको तेच म्हणत होती. तिचं ऐकलं नाही, हे ती आजही काढते.

गाडी ठाण्यात होती. विकणारा म्हणाला, गाडी काकांची, काका दादरला राहतात, गुडघे गेले, क्लच दाबवत नाही. गोष्टीत म्हातारे काका आले की आपण विरघळतो. वर गाडी जेमतेम 78,000 किलोमीटर चाललेली. मुंबईत राहून काका जाणार तरी कुठं, हे मलाही पटलं.

दहाला येतो म्हणालो होतो, साताऱ्याहून पहाटे निघून साडेनऊलाच पोचलो. बॉनेटवर हात ठेवला तर गरम. "आत्ताच धुवून आणली," म्हणाला. आज कुणी विचारलं तर मी सांगतो, बॉनेट गरम असेल तर चहा प्यायला निघून जा आणि दोन-तीन तासांनी या. त्यानं कटकट केली तर येऊच नका. थकलेल्या टर्बो इंजिनचा निळा धूर, टॅपेटची खडखड, सगळं थंड इंजिनच्या पहिल्या स्टार्टला ऐकू येतं, दिसतं. इंजिन तापलं आणि आत नेहमीपेक्षा जाड ऑइल भरलेलं असलं की निम्मं झाकलं जातं. माझ्या गाडीत तेच केलं होतं. मी डिपस्टिक काढून बघितलीही होती. ऑइल नवंकोरं, मधासारखं. मला वाटलं, काय निगा राखली आहे!

आत शिरलो तर सुगंधाच्या दोन-दोन बाटल्या लटकवलेल्या. खाली नवं कार्पेट. "काकांना स्वच्छता लागते." तिसरा गिअर टाकताना जरा अडखळला. "क्लच नवा आहे, बसेल."

दिवे मी मुद्दाम बघितले. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागायला हवा आणि काही सेकंदांनी आपला आपण विझायला हवा. लागला, विझला. मी खूश. पुढं कळलं, त्या दिव्याची वायर बॅटरीच्या दिव्याला जोडली होती. म्हणून इंजिन सुरू झालं की दोन्ही एकदमच विझत. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवून बसलो असतो, तर तो दिवा विझलाच नसता.

पण सगळ्यात मोठा पुरावा त्यानं स्वतःच माझ्या हातात दिला होता. विम्याची पॉलिसी. फुल इन्शुरन्स, चालू. मी तारीख बघितली आणि घडी घालून खिशात ठेवली. त्यात 'नो क्लेम बोनस' म्हणून एक रकाना असतो. क्लेम न करता वर्षं गेली की हा आकडा 20 टक्क्यांपासून चढत 50 पर्यंत जातो. बारा वर्षं जपून चालवलेल्या गाडीवर तो 50 च्या आसपास दिसायला हवा. माझ्या कागदावर शून्य होता. पॉलिसी सुरू झालेली जानेवारी 2018 मध्ये. म्हणजे एकतर मोठा क्लेम झालाय, नाहीतर विमा मध्ये तुटलाय, आणि दोन्हींचं कारण विचारायला हवं होतं. हा बोनस गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही, मूळ मालकाकडंच राहतो, म्हणून त्या रकान्याकडं घेणारा ढुंकून बघत नाही. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

पैशाचीही गंमत बघा. "दोन लाख किंवा वर रोख घ्यायला कायद्यानं बंदी आहे, साहेब," असं तोच मला समजावत होता. म्हणून एक लाख नव्वद रोख, साठ हजार वेगळे हातात, आणि आधीचं टोकन पंचवीस हजार ऑनलाइन. एवढा कायदा पाळणारा माणूस फसवेल कसा! रोखीची पावती मागायचं मला सुचलं नाही.

पुण्यापर्यंत गाडी वाऱ्यासारखी आली. खंबाटकीला मात्र साताऱ्याकडं जाणाऱ्याला तेव्हा बोगदा नव्हता, घाट चढावा लागायचा. दुपारचे अडीच, मार्चचं ऊन, पुढं उसाचे दोन ट्रक. तिसऱ्या वळणाला तापमानाचा काटा वर गेला आणि बॉनेटमधून वाफ. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. गाडी टोचन करून साताऱ्याला आणली.

आमचे बापू मिस्त्री म्हणजे कमी बोलणारा माणूस. त्यांनी पंख्याचा कनेक्टर उपसला. पिना हिरव्या पडलेल्या. मग सीटच्या खाली हात घातला, बोल्ट बाहेरून रंगवलेले, आतून गंजलेले. मग ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि पार शेवटपर्यंत ओढला. जो भाग एरवी खांबाच्या आतच गुंडाळलेला राहतो, त्यावर मातकट रेघ होती. "पाण्यातली हाय ही," बापू म्हणाले. मी म्हणालो, कशी असेल, ही 26 जुलैनंतरची आहे. बापूंनी नुसतं माझ्याकडं बघितलं.

नोंदणी एमएच-01 ची, ती साताऱ्याला आणायची तर एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, लागते आणि तिच्या अर्जावर, 28 नंबरच्या फॉर्मवर, मूळ मालकाची सही लागते. विकणाऱ्यानं मला मालकी बदलाचे 29 आणि 30 नंबरचे सही केलेले कोरे फॉर्म दिले होते, 28 नव्हता. फोन लावला तर बंद. शेवटी आरसीवरचा पत्ता शोधत दादरला गेलो.

काका खरोखर होते. गुडघेही खरंच गेलेले. पुतण्या मात्र नव्हता.

"ती गाडी?" ते म्हणाले. "ती तर इथं हिंदमाता चौकात बुडाली." 29 ऑगस्ट 2017. त्या दिवशी सांताक्रूझला 300 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता, मी स्वतः टीव्हीवर बघितला होता. पाणी स्टिअरिंगपर्यंत गेलं. दुरुस्तीचा खर्च ठरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते, तशी धरली. काकांना पैसे मिळाले, सांगाडा भंगाराच्या लिलावात गेला. जाताना कुणीतरी कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेतल्या. जानेवारीतली पॉलिसी आपल्या नावावर कुणी काढली, हे त्यांना माझ्याकडून कळलं. गाडी अजून आपल्या नावावर रस्त्यावर फिरते हे ऐकून ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले, आणि ते बरोबरच होतं. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या फेब्रुवारीतच सांगितलं होतं.

पोलिसांत तक्रार अर्ज दिला. "हे दिवाणी स्वरूपाचं आहे," ऐकलं. पुरावा म्हणून दाखवायला माझ्याकडं पंचवीस हजारांची नोंद, तीही तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर. गाडी दीड वर्ष बापूंच्या शेडमध्ये उभी होती. वायरिंग, पंखा, इंजिनचा कंट्रोलर, एक केलं की दुसरं. शेवटी पार्टसाठी पंचाऐंशी हजारांना गेली.

काकांनी त्या दिवशी कपाटातून सर्व्हिसबुक काढून दिलं. शेवटची नोंद जून 2017, किलोमीटर 1,46,000. चहा झाल्यावर दारापर्यंत सोडायला आले आणि जरा संकोचून विचारलं,

"तिसऱ्याला अजून अडखळते का हो?"

अडखळते, म्हणालो.